पाणी रस्त्याने आले

दिवाळीच्या फराळाशी बसून पावसाची गोष्ट काढणे अनेकांना रुचणार नाही. पाऊस परतला आहे, आकाश धुतल्यासारखे निळे झाले आहे, छत्र्या माळ्यावर गेल्या आहेत. आता त्याचे काय? पण हा लेख मी मुद्दाम याच अंकासाठी लिहितो आहे. जमिनीचे व्यवहार आपल्याकडे याच दिवसांत होतात. पाडव्याचा मुहूर्त साधून प्लॉटचा इसार दिला जातो, वर्तमानपत्रांची पाने 'निसर्गाच्या कुशीत' या शब्दांनी भरून जातात, आणि एखाद्या रविवारी नवरा-बायको, दोन मुले आणि सासरेबुवा असे सगळे गाडीत बसून 'साइट' पाहायला निघतात.

कार्तिकातली जमीन फार देखणी दिसते. गवत गुडघाभर वाढून पिवळे पडू लागलेले असते, पायाखालची माती घट्ट लागते, आणि खालच्या कोपऱ्यात जो थोडा खोलगट भाग असतो त्यात चार सीताफळीची झुडपे नि दोन फुलपाखरे असतात. सासरेबुवा जुन्या वळणाचे असले तर विचारतात, "इथून पाणीबिणी जातं की काय?" दलाल हसतो नि म्हणतो, "छे हो काका, साधी लवण आहे ती. भराव टाकला की झालं."

मी दलाल नाही. चाळीसएक वर्षे अशा जमिनींवर रस्ते, गटारे आणि मोऱ्या आखण्याचे काम मी केले. या धंद्यात राहिलेल्या माणसाची नजर जरा बिघडते. इतरांना टेकडीमागचा सूर्यास्त दिसतो, त्याला टेकडीचा उतार दिसतो. 'साधी लवण' हे शब्द कानावर पडले की माझ्या पोटात अजूनही गोळा येतो. त्याचे कारण सांगायचे तर माझीच एक चूक सांगितली पाहिजे. ती मी इतकी वर्षे चारचौघांत सांगितलेली नाही.

बाभळीवरचे गवत

१९९० सालची गोष्ट. पुण्याच्या दक्षिणेला टेकडीच्या पायथ्याशी दहा एकरांचा, म्हणजे साधारण चार हेक्टरांचा, एक तुकडा एका शेठजींनी घेतला होता. खाली ज्वारीचे वावर, वरच्या अंगाला माळ, आणि सगळ्या तुकड्याला तिरपा छेदून जाणारा एक ओढा. ओढा म्हणजे वर्षातले नऊ महिने कोरडाठक्क. गुराख्यांची पोरे त्यात गोट्या खेळत. जमिनीच्या खालच्या हद्दीला लागून चाळीस-पन्नास घरांची वस्ती होती. घरे पत्र्याची, काही मातीची, दारात शेळ्या-म्हशी.

दोन्ही काठ धरून ओढ्याचा पट्टा पंधरा मीटर रुंद आणि दोनशे मीटर लांब होता. शेठजींनी नकाशावर बोट ठेवले आणि विचारले, "इंजिनिअरसाहेब, याचे किती प्लॉट पडतील?"

"आठ," मी म्हणालो.

उत्तर तोंडातून गेले तिथेच निम्मी चूक होऊन गेली. ओढ्याचे प्लॉट किती पडतील, हा प्रश्नच चुकीचा आहे असे मला वाटले नाही. त्याचे गणित करावेसे वाटले. वय तिशीच्या आतले, हाताखाली पाच माणसे आणि समोर शेठजींचा चहा. ओढा पाइपात घालायचा, वर मुरुमाचा भराव टाकायचा आणि प्लॉट पाडायचे, असे ठरले. पाइप किती व्यासाचा, एवढेच मला काढायचे होते.

ही काढण्याची रीत जुनी आहे. अमेरिकेतल्या रॉचेस्टर शहरात एमिल कुइकलिंग नावाच्या इंजिनिअराने १८८९ साली ती मांडली आणि जगभर लहान क्षेत्रांसाठी आजही ती वापरतात. तीन आकड्यांचा गुणाकार करायचा: पावसाचा जोर, जमिनीचे क्षेत्र, आणि पडलेल्या पावसातला किती हिस्सा वाहून जातो तो अंश. यातला तिसरा आकडा सगळ्यात लबाड. गवताळ माळावर दहा थेंब पडले तर सातेक थेंब गवतात, मातीत नि मुरुमात अडतात, तीन वाहतात. म्हणून अंश ०.३ धरायचा. तिथेच स्लॅब, डांबर नि फरशी आली की दहातले आठ थेंब वाहतात, अंश ०.८ होतो.

तासाला साठ मिलिमीटर या जोराच्या पावसात आमच्या चार हेक्टर माळावरून सेकंदाला दोनशे लिटर पाणी निघे. घरे झाल्यावर किती निघेल? अंश ०.८ झालाच, पण आणखी एक गोष्ट होते, ती पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. गवतातून पाणी रेंगाळत येते, गटारातून धावत येते. पावसाचा जोर पहिल्या पाच-दहा मिनिटांत सर्वांत जास्त असतो. पूर्वी त्या जोराच्या सरीचे पाणी खाली पोचेपर्यंत सर ओसरलेली असे. आता सगळ्या अंगणांचे आणि गच्च्यांचे पाणी एकाच वेळी तोंडाशी येऊन ठेपते. म्हणून जोर साठ न धरता नव्वद धरावा लागतो. गुणाकार केला: सेकंदाला आठशे लिटर. जिथून दोनशे जात होते तिथून आता आठशे. चौपट!

मी नऊशे मिलिमीटर व्यासाचा ह्यूम पाइप निवडला. शंभराला एक अशा उतारावर तो सेकंदाला अठराशे लिटर वाहून नेतो. आठशेची गरज आणि अठराशेची सोय. मी स्वतःवर खूश होतो. शेठजींनी कुरकुर केली, सहाशेचा का नको म्हणाले, तेव्हा मी बाणेदारपणे मान हलवली. तत्त्वासाठी भांडल्याचे समाधानही मला मिळाले.

ओढ्यात पाइप उतरवायच्या दिवशी आमचे मुकादम काठावर उकिडवे बसले होते. वयाने माझ्या वडिलांएवढे, शाळा दुसरीपर्यंत. ते म्हणाले, "साहेब, ती बाभळ बघितली का?"

बाभळ ओढ्याच्या काठावर होती. "तिचं काय?"

"खालच्या फांदीला गवात अडकलंय. काटक्या हायत. चिंधीबी हाय."

मी पाहिले. माझ्या छातीच्या उंचीवर वाळलेल्या गवताचे भेंडोळे काट्यांत गुरफटलेले होते. मी म्हणालो, "पक्ष्याचं घरटं असेल, मुकादम."

ते काही बोलले नाहीत. त्यांनी विडी पेटवली. पाइप उतरला, भराव झाला, आणि आठवड्याने ती बाभळही तोडली, कारण ती प्लॉट नंबर एकेचाळीसच्या मधोमध येत होती.

तिसरा पावसाळा

पहिले दोन पावसाळे बरे गेले. तिसऱ्या वर्षी भाद्रपदाच्या अखेरीस एका संध्याकाळी टेकडीवर काळेभोर आभाळ येऊन बसले आणि दोन तास हलले नाही. दख्खनच्या पठारावर परतीच्या पावसाची ही तऱ्हाच आहे. मृगाचा पाऊस तहानलेल्या मातीत जिरतो. काळ्या मातीला उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडलेल्या असतात, त्या आधी भराव्या लागतात. भाद्रपदापर्यंत ती माती फुगून बंद झालेली असते, मुरूम भिजून चिंब असतो, आणि पडेल तो थेंब निघतो. म्हणजे माझा तो ०.३ चा अंशसुद्धा साऱ्या वर्षासाठी खरा नव्हता.

पाइपाच्या वरच्या तोंडाला लोखंडी जाळी होती, पोरेबाळे आत जाऊ नयेत म्हणून. तिला आधी पाचोळा लागला, मग फांद्या, मग कुणीतरी माळावर टाकलेली एक फाटकी गादी. पाण्याने पाइपाचा नाद सोडला नि ते भरावावर चढले. त्याला समोर आमचा नवा कोरा नऊ मीटर रुंदीचा डांबरी रस्ता दिसला, उताराला सरळ, दोन्ही बाजूंना कडेचे दगड लावलेला. त्याहून चांगला कालवा कुणी बांधून दिला नसता. रस्त्याच्या तळाला शेठजींची कुंपणाची भिंत होती. तिथे पाणी तुंबले, तुंबत गेले, आणि आठच्या सुमारास भिंत वस्तीच्या अंगाला आडवी झाली.

वेळ जागेपणाची होती म्हणून माणसे वाचली. दावणीला बांधलेली एक म्हैस गेली. एका घरातले शिलाईचे यंत्र दोन दिवसांनी गाळातून निघाले. वह्या-पुस्तके, धान्याचे डबे, लग्नासाठी घेऊन ठेवलेली भांडी यांचा हिशेब कुणी ठेवला नाही.

सकाळी मी गेलो. सगळीकडे तांबडा चिखल, घोट्याच्या वर. एक आजीबाई परातीने घरातला गाळ उपसत होत्या. मला वाटले, आता शिव्या ऐकायच्या. पण त्या नुसत्या माझ्याकडे पाहत म्हणाल्या, "पाणी आमच्याकडं दरसाल येतंय, साहेब. पण ते ओढ्यानं येतंय. औंदा रस्त्यानं आलं."

चाळीस वर्षांत या विषयावर मी पुष्कळ वाचले. त्या वाक्यात नसलेले असे फारसे काही हाती लागले नाही.

त्या रात्री मी सर्व्हे ऑफ इंडियाचा नकाशा पसरला. पन्नास हजारांत एक या प्रमाणाचा. त्यावर एक चौरस सेंटिमीटर म्हणजे पंचवीस हेक्टर. आमच्या ओढ्याच्या रेघेवरून पेन्सिल वर नेत, टेकडीच्या धारेवरून फिरवत, परत खाली आणली. आतली जागा अडीच चौरस सेंटिमीटरही नव्हती. माझ्या अंगठ्याखाली झाकली जात होती. पण त्या अंगठ्याखाली साठ हेक्टर टेकडी होती, आणि तिचे सगळे पाणी त्या ओढ्याने येत होते. पुन्हा गुणाकार केला. अंश ०.४, जोर साठ, क्षेत्र साठ: सेकंदाला चार हजार लिटर. माझा पाइप अठराशेचा. जाळी स्वच्छ राहिली असती, गादी कुणी टाकली नसती, तरी दोन हजार लिटरांहून अधिक पाणी दर सेकंदाला रस्त्यानेच जायचे होते.

माझ्या पहिल्या गणितात एकही चूक नव्हती. ते आमच्या सातबाऱ्यावरच्या चार हेक्टरांचे होते, एवढेच. ओढा सातबारा वाचत नाही हे बाभळीला ठाऊक होते आणि मुकादमांना ठाऊक होते.

आता सांगायला सर्वांत अवघड जाते ते. शेठजींनी माझ्याकडून अहवाल मागितला. त्यात मी लिहिले, 'अभूतपूर्व अतिवृष्टीमुळे'. अभूतपूर्व, म्हणजे पूर्वी कधी न झालेली. छातीएवढ्या उंचीवर अडकलेले गवत मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले होते, आणि तरी तो शब्द लिहिला. अहवाल मंजूर झाला. म्हशीचे काही पैसे दिले गेले. मुकादमांनी पुढच्या महिन्यात काम सोडले. कारण सांगितले नाही, मी विचारले नाही.

अतिवृष्टीचा आडोसा

'अतिवृष्टी' हा शब्द खोटा नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, त्याला दुसरे काय म्हणणार? पण त्याच चोवीस तासांत कुलाब्याला ७३ मिलिमीटर पडला होता. एकाच शहरात एवढा फरक; तेव्हा 'आपल्याकडे सरासरी इतका पडतो' या भरवशावर मोरी बांधणाऱ्याने हे दोन आकडे शेजारी शेजारी लिहून भिंतीवर लावावेत.

मुंबईची जुनी गटारे तासाला २५ मिलिमीटर पावसाच्या हिशेबाने बांधलेली होती, आणि त्यातही पडलेल्यातला निम्मा पाऊस जमिनीत मुरेल असे धरलेले होते. ज्या काळी ती बांधली त्या काळी हे धरणे वेडेपणाचे नव्हते. वाड्या होत्या, आगरे होती, खाजणे होती. मग त्या 'निम्म्या'ला मुरायला जमीनच राहिली नाही. १९९३ साली जो नवा आराखडा सादर झाला त्यात ५० मिलिमीटरचा जोर धरला आणि मुरणारा हिस्सा शून्य धरला. म्हणजे शहराने कागदावर कबूल केले की आता इथे काही मुरत नाही. बाकीच्या सगळ्या आकड्यांपेक्षा हे शून्य मला अधिक बोलके वाटते.

पुणेकराला पूर म्हटला की १२ जुलै १९६१ आठवतो. पण तो पानशेत फुटल्याचा, नदीचा पूर. ओढ्याचा पूर वेगळा. नदी आधी सांगून येते. ओढा टेकडीवर वीज चमकली की अर्ध्या तासात दारात असतो. आंबील ओढा घ्या. कात्रजच्या डोंगरात उगम, मग कात्रजचे तळे, मग सहकारनगर, दांडेकर पूल असे करत मुठेला मिळायचे. पेशवाईत या पाण्याचा फार विचार झालेला दिसतो. नानासाहेबांच्या काळात कात्रजला तळे बांधून तिथले पाणी बंदिस्त नळाने शहरात आणले, शहरात येणारा ओढा वळवला, पर्वतीच्या पायथ्याशी तळे केले. त्यांनीही ओढा हलवलाच की, असे कुणी म्हणेल. हलवला, पण त्याला दुसरीकडे वाट दिली. आपण त्याच्यावर प्लॉट पाडतो.

२५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री हाच आंबील ओढा घराघरांत शिरला. त्या रात्रीच्या पावसात पुणे शहरात आणि जिल्ह्यात मिळून वीसहून अधिक माणसे दगावली. अरण्येश्वराजवळच्या टांगेवाले कॉलनीत भिंत पडून माणसे गेली. त्याआधी तीनच महिने, २९ जून २०१९ ला मध्यरात्रीनंतर, कोंढव्यात एका सोसायटीची भिंत शेजारच्या बांधकामावरच्या मजुरांच्या झोपड्यांवर कोसळली आणि पंधरा जणांचा बळी गेला. या बातम्या वाचताना मला माझीच भिंत दिसत होती.

भिंतीबद्दल दोन शब्द सांगतो, कारण कुंपणाची भिंत ही आपल्याकडे कुणी इंजिनिअर आखतच नाही; ती गवंडी उभी करतो आणि मालक रंग निवडतो. भिंतीमागे मीटरभर पाणी साचले तर लांबीच्या दर मीटरला अर्धा टन रेटा येतो. तीन मीटर साचले तर दीड टन येईल असे वाटते; पण येतो साडेचार टन. उंची तिप्पट झाली की रेटा नऊपट होतो. विटेच्या नऊ इंची भिंतीने तो सोसावा अशी अपेक्षा भिंतीवर अन्याय करणारी आहे. म्हणून मातीचा भराव अडवणाऱ्या भिंतीत ठिकठिकाणी भोके ठेवतात आणि मागे खडी भरतात, म्हणजे पाणी साचण्याआधीच झिरपून जाते. पुष्कळ ठिकाणी मी ही भोके सिमेंटने लिंपलेली पाहिली आहेत. विचारले तर उत्तर असते, "डाग पडतात हो रंगावर."

मैदान एक फूट खाली

मग करायचे काय? घरे बांधायचीच नाहीत का? मी स्वतः अशाच एका प्लॉटवर बांधलेल्या घरात राहतो, तेव्हा ते म्हणण्याचा मला अधिकार नाही.

त्या तिसऱ्या पावसाळ्यानंतर मी एक गणित मांडले, आणि पुढच्या प्रत्येक कामात ते वापरले. जमीन चार हेक्टर. पूर्वी सेकंदाला दोनशे लिटर जात होते, आता आठशे जाणार. जास्तीचे सहाशे. असा जोराचा पाऊस अर्धा तास टिकला तर जास्तीचे पाणी झाले दहा लाख ऐंशी हजार लिटर. आकडा ऐकून छाती दडपते. पण लेआउटमध्ये दहा टक्के जागा मोकळी सोडावीच लागते. चार हेक्टरांचे दहा टक्के म्हणजे चार हजार चौरस मीटर. तेवढे मैदान आजूबाजूच्या रस्त्यापेक्षा फक्त एक फूट खाली ठेवले तर त्यात बारा लाख लिटर मावते. झाले की! सोसायटीची सगळी गटारे मैदानात सोडायची, आणि मैदानाच्या तळाशी अशी लहान मोरी ठेवायची की तिच्यातून दोनशे लिटरच बाहेर जावे, टेकडीवरून पूर्वी जात होते तेवढेच. पाऊस थांबल्यावर दीड-दोन तासांत मैदान रिकामे. वर्षातून चार-पाच संध्याकाळी पोरांचे क्रिकेट बुडेल. बाकी खर्च काय? माती खणायची ती रस्त्याच्या भरावाला लागतेच.

अर्थात यातून वरच्या टेकडीचे पाणी सुटत नाही. त्याला ओढाच हवा, उघडा, काठावर झाडे असलेला. काठाला दगडी पिचिंग चालेल. तळाला काँक्रीट ओतू नये, कारण जे थोडे मुरते तेही मग मुरत नाही. रस्ता ओलांडायला मोरी लागली तर ती गोल पाइपाची न करता रुंद चौकोनी करावी. गादी अडकली तरी बाजूने पाणी जाते.

आपल्या शेतकऱ्याला हे कुणी शिकवावे लागले नाही. बांध घालताना तो आधी सांडवा कुठे ठेवायचा ते पाहतो, तिथे दगड रचतो आणि मग बाकीचा बांध घालतो. आमचे मुकादमही हेच म्हणत: आधी पाण्याची वाट, मग रस्ता, मग घर. आम्ही मात्र पहिला खर्च प्रवेशाच्या कमानीवर करतो.

आणखी एक वाईट खोड म्हणजे खोदाईचा मुहूर्त. वैशाखात जमीन उकरून ठेवायची, मुरुमाचे ढीग ओढ्याच्या काठावर लावायचे, आणि पहिल्याच वळवाला निम्मा मुरूम ओढ्यात. खालच्या मोरीत गाळ बसला की नऊशेचा पाइप चारशेचा होतो. खोदाई पावसानंतर काढावी. नाइलाजाने आधी काढलीच तर खालच्या अंगाला चर खणून त्यात दगडगोटे भरावेत, ढीग काठापासून दूर ठेवावेत, आणि उघड्या उतारावर वाळा लावावा. वाळ्याची मुळे माती धरून ठेवतात. हे सांगितले की कंत्राटदार म्हणतो, "साहेब, बाग नंतर करू."

शोषखड्ड्यांची आता सक्तीच होऊ लागली आहे आणि ते चांगलेच आहे, पण जमीन पाहून. मुरुमात शोषखड्डा पाणी पितो. काळ्या मातीत तो नुसता हौद होतो, आणि डासांची सोय होते. नकाशावर गोल काढला की मंजुरी मिळते. खाली मुरूम आहे की काळी माती हे कुणी विचारत नाही.

खाली ठेवलेल्या मैदानांचे पुढे काय झाले तेही सांगायला हवे. मी अशी सात मैदाने केली. त्यांतली तीन अजून आहेत. एकात सोसायटीने भराव टाकून मोटारी लावायला सिमेंटचे ठोकळे बसवले. एकात मांडव पडतो, म्हणून ते 'सपाट करून' घेतले. रहिवाशांनी मला बोलावून खोचून विचारले होते, "एवढं मैदान खड्ड्यात का केलंत हो? लेव्हल चुकली काय?" दोष माझाच होता. मैदान का खाली आहे हे सांगणारी पाटी मी लावली नव्हती. दोन रुपयांची खडी वाचवायला शेठजींशी भांडणारा मी, पाटीचे विसरलो. पुढच्या कामांत लावली.

कायद्याचीही एक गंमत आहे. १८८२ चा जो सुविधाधिकाराचा कायदा आहे, ज्याला वकील मंडळी 'इझमेंट कायदा' म्हणतात, त्यात असे उदाहरण दिले आहे की वरच्या जमिनीवर पडलेले पाणी नैसर्गिकपणे खालच्या जमिनीवर उतरत असेल तर खालच्या मालकाने ते उतरू द्यावे. शेठजींचे वकील हे वाक्य मोठ्या आवाजात म्हणत. त्यातला 'नैसर्गिकपणे' हा शब्द मात्र ते हळू म्हणत. दोनशे लिटर नैसर्गिक होते. आठशे आपण केले. ते सहाशे कुणाचे, हा प्रश्न मी पुष्कळ बैठकांत विचारला आणि दर वेळी चहा आला.

त्या पहिल्या जागेवर पुढे काय झाले? आठांपैकी दोन प्लॉटांवर घरे व्हायची होती. मी शेठजींकडे सहा महिने खेटे घातले. शेवटी त्या दोन प्लॉटांतून उघडा नाला काढायला ते तयार झाले, आणि रस्त्याखाली दोन मीटर रुंद, दीड मीटर उंच अशी चौकोनी मोरी झाली. उरलेल्या सहा घरांखाली पाइप तसाच आहे. त्या घरांत चांगली माणसे राहतात. त्यांच्या दिवाणखान्याखालून ओढा जातो हे त्यांना ठाऊक आहे की नाही, मला माहीत नाही. आजीबाईंची वस्ती आता तिथे नाही. त्या जागी सहा मजली इमारत आहे, आणि तिच्या तळघरात मोटारी लावतात.

यंदा श्रावणात एका ओळखीच्या कुटुंबाने मला प्लॉट पाहायला बरोबर नेले. मी अट घातली होती की पाऊस पडत असतानाच जायचे. दलाल वैतागला होता, बूट चिखलात रुतत होते, मुलांना मात्र मजा वाटत होती. जागा झकास होती. मागे टेकडी, समोर खोरे, खालच्या हद्दीला काटेरी तारेचे कुंपण. पाऊस बेताचाच होता. लवणीतून घोट्याएवढे पाणी वाहत होते. दलाल म्हणाला, "बघा, एवढंच असतं."

सासरेबुवा काही न बोलता कुंपणापर्यंत गेले. तारेच्या चौथ्या पदराला वाळके गवत, काटक्या नि एक निळी प्लॅस्टिकची पिशवी गुंडाळलेली होती. ते त्यांनी बोटाने हलवून पाहिले. मग छत्री मिटली, भिजत उभे राहिले, आणि छत्रीचे टोक जमिनीवर टेकवून ती तारेशी उभी धरली. गवत मुठीच्याही वर होते.